नागपूरला निघण्यापूर्वी

(लोणार येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



लोणारच्या माणसाला सरोवराचे महत्त्व बाहेरच्याने येऊन सांगावे अशी स्थिती नाही. बेसॉल्ट खडकावर उल्का आदळून झालेले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर पाहण्यासाठी देशोदेशींचे भूशास्त्रज्ञ येथे येतात. २००० साली या परिसराला अभयारण्याचा दर्जा मिळाला. २०२० च्या जूनमध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले तेव्हा देशभरच्या वृत्तपत्रांनी त्याची दखल घेतली आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव हे त्याचे कारण असल्याचे सांगितले. त्याच वर्षी नोव्हेंबरात सरोवराचे नाव रामसर यादीत गेले. हा सारा गौरव योग्यच आहे. परंतु विवराच्या काठावर एक गावही आहे. त्या गावाला नळ हवा, गटार हवे, सांडपाणी सरोवरात न जाता शुद्ध होऊन अन्यत्र वळवले जायला हवे, या गोष्टी गौरवाच्या यादीत बसत नाहीत. त्या मागाव्या लागतात. सरोवराच्या संरक्षणाचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे जनहित याचिकेच्या रूपाने न्यावा लागला, यातच मागण्याची साधी वाट किती अवघड असते ते दिसून येते.

निवेदन देण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. निवेदन टंकलिखित होते, त्यावर सह्या होतात, पाच-पंचवीस माणसे नागपूरला जातात, कोणी मंत्री ते हातात घेतात, छायाचित्र निघते, निवेदनावर आवक क्रमांक पडतो. पुढल्या वर्षी त्याच मजकुराचे नवे निवेदन तयार होते. यात कार्यकर्त्यांच्या निष्ठेचा दोष नसतो. दोष असतो तो तयारीचा. डिसेंबरात नागपूरला विधिमंडळाचे अधिवेशन भरते, त्या सुमारास नागरिकांच्या परिषदा होतात, मोर्चे येतात, शिष्टमंडळे लोकप्रतिनिधींना भेटतात. अशा परिषदेस जाताना नेमकी कोणती तयारी करावी, हा आजचा विषय आहे. तो किरकोळ वाटेल. पण तसा तो नाही.

संघटित थोडे आणि विखुरलेले पुष्कळ

'लॉबी' हा शब्द आपल्याकडे बदनाम झाला आहे. साखरेची, दारूची, जमिनीच्या व्यवहारांची लॉबी म्हटले की पैशाच्या थैल्या डोळ्यांपुढे येतात. मूळ अर्थ मात्र साधा आहे. ब्रिटिश पार्लमेंटच्या मध्यवर्ती दालनास लॉबी म्हणतात, आणि तेथे जाऊन, हिरव्या रंगाचे एक कार्ड भरून, आपल्या मतदारसंघाच्या सदस्याला भेटीस बोलावण्याचा मतदाराचा प्रघात आहे. अर्थात जो अधिकार प्रत्येक मतदाराचा होता, त्याचा पुरेपूर उपयोग धनिकांनी केला आणि सामान्य माणसाने तो सोडून दिला.

असे का होते, याचे अर्थशास्त्रीय उत्तर मॅन्कर ओल्सन या अमेरिकन अभ्यासकाने १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मांडले आहे. एखाद्या सवलतीचा लाभ दहा कारखानदारांना मिळणार असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला लाखोंचा लाभ येतो. त्यासाठी राजधानीत पगारी माणूस ठेवणे त्यांना परवडते. उलट, त्या सवलतीचा भार लाखो लोकांवर थोडा थोडा विभागला जातो. त्यासाठी एक दिवसाची मजुरी बुडवून नागपूरला जाणे कोणाही एकट्याला परवडत नाही. परिणामी थोडे संघटित राहतात आणि पुष्कळ विखुरलेले राहतात. समाजवादी कार्यकर्त्याने या विश्लेषणातून निराशेचा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. त्यातून निघणारा निष्कर्ष एवढाच की, श्रीमंतांच्या पगारी माणसाला जे काम बारा महिने करता येते, ते गरिबांच्या शिष्टमंडळाला दोन दिवसांत करायचे असते. म्हणून त्याची तयारी दुप्पट असली पाहिजे.

कोणती मागणी, कोणते दार

पहिली तयारी आहे ती मागणी निवडण्याची. चौदा मागण्यांचे निवेदन म्हणजे एकही मागणी नसलेले निवेदन. मंत्र्याच्या सचिवाला त्यातील सर्वांत सोपी मागणी निवडून तिच्यावर 'योग्य ती कार्यवाही करावी' असा शेरा मारता येतो आणि उरलेल्या तेरा आपोआप मरतात. परिषदेस एका वेळी एकच मागणी न्यावी. फार तर दुसरी राखीव असावी.

ही मागणी नागपूरची आहे काय, हे पुढे तपासावे. लोणारचेच उदाहरण घेतल्यास हा मुद्दा स्पष्ट होईल. सरोवर आणि त्याचा परिसर वनखात्याच्या वन्यजीव विभागाकडे; दैत्यसूदन मंदिरासारखी प्राचीन स्मारके पुरातत्त्व खात्याकडे; गावचे नळ आणि गटारे नगरपरिषदेकडे; जमिनीचे दप्तर महसूल खात्याकडे; पर्यटकांच्या सोयी पर्यटन खात्याकडे. एका विवराभोवती इतकी खाती उभी असली म्हणजे प्रत्येक खात्याला दुसऱ्याकडे बोट दाखवता येते. सांडपाण्याची तक्रार घेऊन जाणाऱ्याला 'हा विषय आमचा नव्हे' हे उत्तर मिळते, आणि ते देणारा अधिकारी बऱ्याच वेळा खोटेही बोलत नसतो.

म्हणून मागणीचे विभाजन करावे. जे काम नगरपरिषदेच्या ठरावाने होऊ शकते, त्यासाठी नागपूरला जाणे म्हणजे भाडे वाया घालवणे होय. ज्यासाठी जिल्हा वार्षिक योजनेतून पैसा मिळू शकतो, ते काम पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा नियोजन समितीकडे, म्हणजे बुलढाण्याला न्यावे. ज्यासाठी दोन खात्यांना एकत्र बसवावे लागेल, ज्यासाठी राज्याच्या तिजोरीतून तरतूद लागेल किंवा ज्यासाठी नियम बदलावा लागेल, तेवढेच नागपूरला न्यावे. आणि नगरपरिषदेचा ठराव झाला नसेल, तर तो आधी करून घ्यावा. कारण 'तुमच्या गावाने ठराव केला आहे काय?' हा प्रश्न पहिल्या दोन मिनिटांत विचारला जातो आणि उत्तर नकारार्थी असेल तर भेट तेथेच संपते.

कागद

मागणीचा कागद एका पानाचा असावा. वरच्या चार ओळींत काय हवे, कोणाकडून हवे, कोणत्या तारखेपर्यंत हवे आणि त्यास अंदाजे किती खर्च येईल, हे लिहावे. मधल्या भागात वस्तुस्थिती आणि शेवटी आधीच्या पत्रव्यवहाराचे क्रमांक व दिनांक द्यावेत. विशेषणे कमी, आकडे अधिक. 'जनतेचे अतोनात हाल होत आहेत' या वाक्यापेक्षा 'अमुक प्रभागात मे महिन्यात नळाला इतक्या दिवसांनी पाणी आले' हे वाक्य अधिक बोलते. मात्र ते खरे असले पाहिजे आणि त्याची नोंद वहीत असली पाहिजे.

आकडे मिळवण्यासाठी २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचा उपयोग करावा. अर्जाचे शुल्क १० रुपये आहे. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास तेही नाही. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि सामान्यतः १५० शब्दांची मर्यादा असते, तेव्हा अर्ज नेमका लिहावा. उत्तरास ३० दिवस लागतात. उत्तर न आल्यास पहिल्या अपिलात आणखी महिना-दीड महिना जातो. याचा हिशेब सरळ आहे. डिसेंबरात आकडे हातात हवे असतील तर अर्ज पोळ्याच्या सुमारास गेला पाहिजे. दिवाळीनंतर केलेला अर्ज नागपूरच्या उपयोगी पडत नाही.

सह्यांच्या बाबतीत इतिहासातील एक प्रसंग प्रत्येक कार्यकर्त्याने ध्यानात ठेवावा. इंग्लंडमधील चार्टिस्ट चळवळीने १८४८ च्या एप्रिलमध्ये मताधिकारासाठी पार्लमेंटला प्रचंड विनंतीअर्ज सादर केला. सह्या सत्तावन्न लाख आहेत असे नेत्यांनी जाहीर केले. पार्लमेंटच्या कारकुनांनी मोजल्या तेव्हा त्या एकोणीस लाखांच्या आसपास भरल्या, आणि त्यांत खुद्द राणीच्या व 'मिस्टर पंच'च्या नावाच्या बनावट सह्या निघाल्या. एकोणीस लाख कष्टकऱ्यांच्या सह्या ही त्या काळी मोठी गोष्ट होती. पण फुगवलेल्या आकड्यामुळे तिचे महत्त्व हास्यात बुडाले. त्यांच्या मागण्या न्याय्य होत्या आणि त्यांतील बहुतेक पुढे मान्यही झाल्या, पण त्यासाठी कित्येक दशके जावी लागली. बोध स्पष्ट आहे. पाचशे खऱ्या सह्या, नाव-पत्त्यासह, पाच हजार संशयास्पद सह्यांपेक्षा मोलाच्या आहेत.

माणसे

शिष्टमंडळात कोण असावे? बहुधा ज्यांच्याजवळ वेळ आणि भाडे आहे ते जातात, आणि ज्यांचा प्रश्न आहे ते मागे राहतात. या बाबतीत १८७० साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेचा दाखला आजही मार्गदर्शक आहे. सभेचा सभासद होऊ इच्छिणाऱ्याला किमान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. प्रारंभीच्या ९५ सभासदांच्या पाठीशी सुमारे ६००० लोकांची मुखत्यारपत्रे होती. मताधिकार नसलेल्या काळात त्या मंडळींनी प्रतिनिधित्वाचा हा मार्ग शोधला. पुढे १८७६-७७ च्या दुष्काळात याच सभेने तालुक्या-तालुक्यांतून माहिती गोळा करून सरकारला लिहिले. सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, १८७७ च्या दिल्ली दरबारास गेले ते हाताने कातलेल्या सुताच्या खादीच्या वेशात. दरबारात काय नेसून जावे, हाही त्यांच्या लेखी तयारीचाच भाग होता.

पाच जणांचे शिष्टमंडळ पुरेसे असते. त्यात एक बोलणारा, एक टिपण घेणारा, एक आकडे व कागद सांभाळणारा आणि दोघे ज्यांना प्रश्न प्रत्यक्ष भोगावा लागतो असे असावेत. सांडपाण्याचा प्रश्न असेल तर नगरपरिषदेचा सफाई कामगार आणि त्या वस्तीतील गृहिणी यांचे शब्द प्राध्यापकाच्या भाषणापेक्षा अधिक जड असतात. परंतु त्यांना शोभेसाठी नेऊ नये. काय बोलायचे ते त्यांनीच ठरवावे आणि निघण्यापूर्वी दोनदा बोलून पाहावे. एकाने मंत्री व्हावे, दुसऱ्याने अधिकारी; अवघड प्रश्न विचारावेत आणि दहा मिनिटांत बोलणे संपते काय ते घड्याळ लावून पाहावे. ज्या बैठकीत असा सराव होतो, तेथेच मागणीतील कच्चे दुवे उघडे पडतात. ते नागपुरात उघडे पडण्यापेक्षा लोणारात पडलेले बरे.

विधिमंडळाचे पंचांग

लोणार गाव मेहकर विधानसभा मतदारसंघात मोडते. परंतु एकाच आमदारावर विसंबून राहण्याचे कारण नाही. जिल्ह्यात विधानसभेचे सात मतदारसंघ आहेत. शिवाय विधान परिषदेत अमरावती विभागाचे पदवीधर व शिक्षक प्रतिनिधी आणि अकोला-वाशीम-बुलढाण्याच्या स्थानिक संस्थांचा प्रतिनिधी यांच्याकडेही जाता येते. सत्तारूढ आणि विरोधी, दोन्ही बाजूंच्या सदस्यांना भेटावे. पक्षाच्या कार्यकर्त्याला हे कधी कधी कठीण वाटते; पण गावाचे गटार कोणत्याही पक्षाच्या झेंड्याखाली वाहत नाही.

सदस्याकडून काय हवे, हे त्याला नेमके सांगता आले पाहिजे. तारांकित प्रश्नाची सूचना अधिवेशनाच्या कितीतरी आठवडे आधी द्यावी लागते. म्हणून तो हवा असेल तर सदस्याला दसऱ्यापूर्वी त्याच्या घरी गाठावे. तातडीच्या सार्वजनिक महत्त्वाच्या बाबीसाठी लक्षवेधी सूचना असते. ती अधिवेशन चालू असताना देता येते, परंतु तिच्यामागे ताजे निमित्त लागते. हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्या येतात. खर्चाचा प्रश्न त्या चर्चेत उपस्थित करता येतो. सदस्याच्या प्रतिस्वाक्षरीने सभागृहाला विनंतीअर्ज सादर करण्याचाही मार्ग आहे, आणि त्यासाठी विनंती अर्ज समिती असते. मधु लिमये यांचा लोकसभेत जो दरारा होता, तो केवळ वक्तृत्वाचा नव्हता; कामकाजाच्या नियमांचा त्यांनी बारकाईने केलेला अभ्यास त्यामागे होता. तो अभ्यास आमदारानेच करावा, कार्यकर्त्याला त्याचे काय, असे समजणे चूक आहे. नियम माहीत असलेल्या मतदारापुढे सदस्याला 'बघू' म्हणून वेळ मारून नेता येत नाही.

प्रवास आणि मुक्काम

डिसेंबर हा कापूस वेचणीचा महिना. त्या दिवसांत शेतमजूर स्त्रीने दोन दिवस नागपूरला जायचे तर तिची दोन दिवसांची मजुरी बुडते. ही मजुरी परिषदेच्या खर्चात धरली पाहिजे. भाडे, जेवण आणि बुडालेली मजुरी यांसाठी गावातून दहा-दहा रुपयांची वर्गणी काढावी, पावती द्यावी आणि परत आल्यावर हिशेब फळ्यावर लिहावा. एखाद्या ठेकेदाराने गाडी दिली तर ती नम्रपणे नाकारावी. त्या गाडीचे भाडे पुढे केव्हातरी दुसऱ्या रूपाने द्यावे लागते.

नागपूरची थंडी बोचरी असते. पांघरूण, औषधे आणि ओळखपत्र प्रत्येकाजवळ असावे. स्त्रियांच्या मुक्कामाची आणि स्वच्छतागृहाची सोय निघण्यापूर्वी निश्चित करावी. 'तेथे गेल्यावर पाहू' या वाक्याने अनेक स्त्रियांना चळवळीपासून दूर ठेवले आहे. विधानभवनाच्या आवारात प्रवेशपत्रिकेवाचून जाता येत नाही. ती सदस्यामार्फत आधी मागावी. सदस्य आमदार निवासात सकाळी लवकर भेटतात. कामकाज सुरू झाल्यावर त्यांना गाठणे कठीण. यशवंत स्टेडियमच्या परिसरात धरणे धरणाऱ्यांची गर्दी असते. मोर्चात सामील व्हायचे असेल तर शिष्टमंडळाचे पाच जण त्यापासून मोकळे ठेवावेत. नाहीतर भेटीची वेळ येते तेव्हा ते पोलिसांच्या अडथळ्यांच्या अलीकडे अडकलेले असतात. निवेदनाच्या किमान वीस प्रती आणि आधीच्या पत्रव्यवहाराचा एक संच दोन वेगवेगळ्या पिशव्यांत असावा. भ्रमणध्वनीत छायाचित्रे ठेवावीत, पण त्याच्यावर विसंबू नये. बॅटरी संपते, कागद संपत नाही.

दहा मिनिटे

प्रत्यक्ष भेटीत मागणी पहिल्या वाक्यात सांगावी. सत्कार, शाल, श्रीफळ यांत वेळ दवडू नये. जे ठाऊक नाही ते 'ठाऊक नाही, आठ दिवसांत कळवतो' असे म्हणावे. एक चुकीचा आकडा दहा बरोबर आकड्यांना मारतो. विरुद्ध बाजूचे म्हणणे आधीच विचारात घेतलेले असावे. सरोवराच्या रक्षणासाठी बांधकामावर निर्बंध येतात तेव्हा गावातील लहान घरमालकाचीही अडचण होते. निसर्ग आणि गाव या दोहोंचा विचार केलेली मागणीच टिकते. भेट संपताना तीन गोष्टी विचारून टिपून घ्याव्यात: पुढचे पाऊल कोणते, ते कोण उचलणार आणि केव्हा. मंत्र्यांइतकेच त्यांच्या खात्यातील कक्ष अधिकाऱ्याचे नाव महत्त्वाचे आहे. मंत्री बदलतात, धारिका त्याच टेबलावर राहते.

परतल्यावर

खरे काम परतल्यावर सुरू होते. तीन दिवसांच्या आत भेटीचा वृत्तान्त लिहून ज्यांना भेटलो त्या प्रत्येकाला पत्राने पाठवावा, म्हणजे तोंडी शब्दाला तारीख लागते. मंत्र्यांनी सभागृहात आश्वासन दिले असेल तर ते कार्यवृत्तात छापले जाते, आणि ते पाळले गेले की नाही हे पाहण्यासाठी विधिमंडळाची आश्वासन समिती आहे. गावात सभा घेऊन जे मिळाले ते आणि जे मिळाले नाही तेही सांगावे. अपयश लपवणारे शिष्टमंडळ पुढल्या वर्षी वर्गणी मागू शकत नाही.

काही तरुण कार्यकर्ते विचारतील की, हे सारे अर्ज-विनंत्यांचे राजकारण नव्हे काय? संघर्षाचे काय? या शंकेला महाराष्ट्राच्याच इतिहासात उत्तर आहे. १९७२-७३ च्या दुष्काळात लाखो स्त्री-पुरुष खडी फोडण्याच्या कामावर होते आणि मजुरीसाठी, कामासाठी ठिकठिकाणी मोर्चे निघत होते. त्याच काळात विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे हे हाताला काम देण्याच्या योजनेचा आराखडा मांडत होते. रस्त्यावरचा रेटा आणि सभागृहातील नेमका मसुदा एकत्र आले, तेव्हा रोजगार हमीचा कायदा १९७७ साली संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. त्याच्या खर्चासाठी व्यवसाय कराची तरतूद झाली. केवळ मोर्चा असता तर तात्पुरती मदत मिळाली असती. केवळ मसुदा असता तर तो कपाटात राहिला असता. माथाडी-हमालांचा १९६९ चा कायदाही असाच, पाठीवर ओझे वाहणाऱ्यांच्या संघटित लढ्यातून कायद्याच्या पुस्तकात गेला.

संघर्ष आणि तयारी यांत म्हणूनच विरोध नाही. तयारीवाचून केलेला संघर्ष थकवतो, आणि संघर्षावाचून केलेली तयारी लाचार होते. येत्या हिवाळ्यात लोणारहून नागपूरला जाणाऱ्या पाच जणांच्या हातात एक पानाचा कागद, त्यावर एक मागणी, तिच्यामागे खऱ्या सह्या आणि आपल्या गावाचे मुखत्यारपत्र असेल, तर ते याचक म्हणून जाणार नाहीत. तो कागद कोणी लिहायचा आणि माहितीचा पहिला अर्ज कोणाच्या नावे जायचा, एवढे या बैठकीतून उठण्यापूर्वी ठरावे.